डिड नॉट वेंट

२ जानेवारी १९३५, बुधवार

हायस्कूलने आमच्या विद्युल्लतेचा मॅट्रिकचा फॉर्म अडवला. कारण, प्रिलिमला इंग्रजीत नापास. जिला इंग्रजी रोज घरी मी शिकवतो, ती! निपाणीतल्या आमच्या तंबाखूच्या वखारीचा सारा इंग्रजी पत्रव्यवहार गेली अकरा वर्षे माझ्या हातून होतो. मुंबईच्या एकाही व्यापाऱ्याने चूक काढलेली नाही. दोघांनी 'कृपया मराठीत लिहावे' असे कळवले, ते त्यांचे अज्ञान.

संकल्प: हेडमास्तर हुद्दारांना धडा शिकवायचा.

३ जानेवारी

शाळेत जाऊन पेपर पाहिला. 'डिड नॉट वेंट'वर लाल रेघ! चार ठिकाणी! 'डिड' हा भूतकाळ. मग त्याच्या शेजारी 'गो' हा वर्तमानकाळ कसा बसेल? एकदा भूतकाळात शिरले की मागे फिरायचे नाही, हे मी मुलीला लहानपणापासून शिकवले आहे. हुद्दार बी. ए. आहेत म्हणे. असतील.

विद्युल्लतेला म्हटले, या शाळेतून नाव काढू, बेळगावला मामाकडे राहून तिथल्या शाळेत जा. ती म्हणाली, "बाबा, मी ही शाळा सोडणार नाही." आवाज माझ्यावर गेला आहे. हट्ट आईचा.

५ जानेवारी

एकट्याची तक्रार कोण ऐकतो? पालकांची आणि विद्यार्थ्यांची मते गोळा करून अर्जासोबत शाळाखात्याच्या डेप्युटी इन्स्पेक्टरकडे पाठवणार. निदान शंभर मते. नवी वही घेतली, वर 'पब्लिक ओपिनियन' लिहिले. पहिले मत हिचे विचारले. ही म्हणाली, पोरीला चार दिवस सुखाने अभ्यास करू द्या. मत शाळेबद्दल नसल्यामुळे नोंदले नाही. विद्युल्लता म्हणाली, माझे मत नंतर देते.

६ जानेवारी, रविवार

दिवसभर फिरलो. आमच्या गल्लीतल्या भरमूचा मुलगा पाचवीत आहे. भरमूचे मत: "मास्तर मारत्यात, पर पोरगं आता कोर्टाचा कागद वाचून दावतंय. लई ब्येस शाळा." पैकी 'मास्तर मारतात' एवढे नोंदले. ओळीत जागा कमी होती.

वखारीतली शालूबाई म्हणाली, शाळेच्या घंटेवर तिला वेळ कळते, घंटा नसती तर रोज उशीर झाला असता. नोंद: बायकामाणसांना घंटेमुळे घाई होते.

विद्यार्थ्यांना फुटबॉलच्या मैदानावर गाठले. त्यांना सगळेच मास्तर आवडतात. भीतीपोटी बोलतात, दुसरे काय. मष्णू नावाच्या मुलाने मात्र धीर करून सांगितले की वर्गातल्या तिसऱ्या बाकाचा खिळा वर आलाय, चड्डी फाटते. अत्यंत गंभीर. ठळक अक्षरात घेतले. मग त्यानेच विचारले, "काका, विद्याक्काचा फारम अडकला म्हणून फिराय लागलायसा व्हय?"

नोंद: शाळेत शिस्त नाही.

९ जानेवारी

मते अकरा. शंभर नसली तरी वजनदार आहेत. वखारीतून अर्धी रजा घेऊन अर्ज इंग्रजीत लिहिला. मतांसकट दोन फुलस्केप भरले. शेवट असा: 'द हेडमास्टर डिड नॉट सॉ, डिड नॉट हर्ड, डिड नॉट अंडरस्टुड.' वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

एक प्रत पाकिटात घालून विद्युल्लतेबरोबर हुद्दारांना पाठवली. लपूनछपून वार करणे माझ्या स्वभावात नाही. मूळ अर्ज उद्या पोस्टात.

१० जानेवारी

प्रत परत आली. तपासून. लाल शाईच्या खुणा मोजल्या नाहीत. (सतरा.) खाली मराठीत मजकूर:

"आपल्या कन्येच्या पेपरातील चुका कोठून आल्या, ते आज कळले. मुलगी हुशार आहे. एकोणीस तारखेस तिची इंग्रजीची फेरपरीक्षा घेतो. पास झाल्यास फॉर्म जाईल. तोवर शाळा सुटल्यावर मी शिकवीन. घरी शिकवू नये, ही विनंती. ता. क. मष्णूच्या बाकाचा खिळा ठोकला."

हा सरळ अपमान आहे. मूळ अर्ज जाणारच. आज पोस्टात गर्दी होती.

१४ जानेवारी, संक्रांत

विद्युल्लता हुद्दारांना तिळगूळ देऊन आली. मी गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. सणामुळे पोस्टही राहिले.

ती आतल्या खोलीत मोठ्याने घोकते आहे. डिड नॉट गो, डिड नॉट सी, डिड नॉट हिअर. ऐकवत नाही. मध्येच एका शब्दाला अडली. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. पोर माझ्यामुळे तर अडकली नसेल, असा एक विचार आला. हाकलला. पुन्हा आला. फार वाईट वाटले.

हुद्दारांची शिकवण चूकच आहे.

१९ जानेवारी

फेरपरीक्षा. वखारीत एक पत्र तीनदा लिहिले. शेवटी मराठीत पाठवले. आज डोके दुखत होते.

२१ जानेवारी, सोमवार

पास. शंभरात सत्तावन्न. फॉर्मवर पालकाची सही हवी म्हणून शाळेत बोलावले. हुद्दारांनी उठून खुर्ची दिली, अर्जाबद्दल अवाक्षर काढले नाही. मी सही नेहमी इंग्रजीत करतो, खाली दोन रेघा मारून. आज मोडीत केली. घाईत होतो.

मूळ अर्ज कोटाच्या खिशात चुरगळून गेला आहे. आता पाठवण्यात अर्थ नाही, अक्षर नीट वाचता येणार नाही.

घरी येऊन मतांची वही माळ्यावर टाकायला काढली. चाळताना अकराव्या मताखाली बारावे दिसले. विद्युल्लतेचे अक्षर. एकच ओळ: 'आय डिड नॉट लीव्ह माय स्कूल.'

इथे 'लेफ्ट' हवे, असे मला आजही वाटते. पेन उघडले.

मग टोपण लावून टाकले.