मागचा नांगर

अहो,

किती वर्षांनी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. पत्ता ठाऊक नाही, पण लढाईच्या दिवसांत तरी कुठे ठाऊक होता? बोट कुठे आहे ते कुणी सांगत नसे, तरी मी लिहीतच होते ना?

आज सकाळी इथे परदेशात, आपल्या मिलिंदच्या बाल्कनीत उभी होते. समोरच्या मरीनाच्या, म्हणजे होड्यांच्या धक्क्याच्या, बाहेरून एक बोट गेली. पुढून सपाट, तोंडाशी दार, पोटात ट्रक. अगदी तुमच्या रणगाड्यांच्या बोटीची धाकटी बहीण! "अहो, बघा" म्हणत मागे वळले, तर मागे नुसता सोफा. खूप रडले मी.

तुमची बोट म्हणजे माझी सवत. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि तुम्ही तिच्यातून रणगाडे घेऊन लढाईला गेलात. लढाई संपली तरी ती तुम्हाला सोडेना. वादळ झालं की तांदळाची पोती घेऊन जा, बेटांवर रॉकेलची पिंपं पोचव. ती भंगारात निघाली तेव्हा तुम्ही धड जेवला नाहीत. मिलिंद झाला तेव्हा मात्र म्हणे सुट्टी मिळाली नाही. मिळाली नाही की मागितलीच नाही? आता तरी खरं सांगा.

इथे कुणी वाईट वागत नाही हो. मिलिंद आणि सूनबाई ऑफिसला, अर्णव शाळेत, मग घरात मी आणि एसी. परवा अर्णवला तुमची बोट सांगायला बसले, तर म्हणाला, "आजी, नॉट नाऊ, ओके?" खालचा सिक्युरिटीवाला "गुड मॉर्निंग, मम्माजी" म्हणतो. तेवढं ऐकायला मी कधी कधी उगाच खाली जाते.

काल मिलिंदने अलिबागचं घर विकायचं काढलं. बंद घर सांभाळणार कोण, म्हणाला. आज ती बोट पाहिली आणि तुम्ही सांगायचात ते आठवलं. बोट वाळूवर चढवायच्या आधी खोल पाण्यात मागचा नांगर टाकायचा. रणगाडे उतरले की त्याचाच दोर ओढत बोट माघारी यायची. नांगर टाकला नाही तर बोट बसली वाळूत.

संध्याकाळी त्याला सांगितलं, "घर विकायचं नाही. तो माझा मागचा नांगर आहे."

"आई, पण आता तिथे आहे कोण?"

"तुझे बाबा," मी म्हटलं.

तो उठून बाथरूममध्ये गेला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर येऊन म्हणाला, "तिकीट बघतो."

तर दिवाळीच्या आधी मी घरी पोचते, हा शब्द. आयुष्यभर मी तुमची वाट पाहिली. आता थोडी तुम्ही माझी पाहा.

तुमचीच,
सौ. कुसुम
(सवयीने 'सौ.' लिहिलं. खोडत नाही, असू दे.)