पेढ्याची वाटी

मंगळवार, संध्याकाळ

आज आईला सांगून टाकलं. मला ओढ वाटते ती मुलींचीच, कळायला लागल्यापासून; आता स्थळं बघू नकोस. वाटलं होतं, ओरडेल. ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, "पेढाच निघाला हुता की गं."

म्हणजे तिच्या डोहाळजेवणातला. झाकलेल्या दोन वाट्यांतली तिनं पेढ्याची उघडली, बर्फीची राहिली. सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगा होणार. आणि झाले मी. "पोरगाच यायचा हुता, त्येच तुझ्यात ऱ्हायलं. मी दुसरी वाटी उचलाय पायजे हुती," म्हणत स्वतःच्या उजव्या हाताकडं बघून रडत राहिली.

मी अशी का झाले, मला तरी कुठं ठाऊक आहे? माझे डोळे घारे का, तेही ठाऊक नाही. पण तो हात बघवेना. मला भरवलेला हात. शेवटी खोटंच बोलले, "व्हय आई, पेढ्यामुळंच असंल. तुला तरी काय म्हाईत हुतं?"

तिनं लगेच डोळे पुसले. जरा हसलीसुद्धा. मग तोच हात माझ्या केसांवरनं फिरवत तिनं विचारलं, "मग आता ह्याच्यावर उतारा काय गं?"