घर जसंच्या तसं

प्रिय बर्झू,

इस्फहानला आता थंडी पडली असेल. लोकरीचा सदरा घालतोस ना? मी धडधाकट आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू पत्र भराभर चाळून शेवटाकडे पळणार नाहीस. नवरोजच्या जेवणावरून तू ताट सरकवून उठून गेलास, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून आपण दोघं फोनवर हवामानखात्यासारखे बोलतो. फोनवर मला धड रागावता येत नाही, म्हणून कागद घेतला. हे घर मी सोडणार नाही, असं तेव्हा तुला तोंडावर सांगितलं होतं. ते लक्षात ठेवून पुढचं वाच.

आपल्या गावाला नवीनच खूळ लागलंय. दर शुक्रवारी बसगाड्या येतात. लोक एक नंबरच्या तेलविहिरीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि मग आपल्या ओळीतली कंपनीची घरं बघत फिरतात. शेजारच्या माहतलतनं तिचं घर त्या वारसाखात्याला संग्रहालय करायला देऊन टाकलं. तिच्या सासूचा तवा आता काचेच्या पेटीत आहे. माहतलत राहते वरच्या वस्तीत, आणि शुक्रवारी येऊन स्वतःच्याच चुलीपुढे बसते, पाहुण्यांना भाकरी थापून दाखवायला. मी म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर फिदीफिदी हसत म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं थापल्या तेव्हा घरातला माणूससुद्धा मान वर करून बघत नव्हता. आता टाळ्या पडतात!"

तर, हे सगळं बघत असताना माझ्या दारात पेझमान नावाचा एक तरुण उभा राहिला. गळ्यात वारसाखात्याचं ओळखपत्र, हातात खजुराच्या मिठाईचा डबा. पहिल्याच वाक्याला मला ‘दा’ म्हणाला, सख्ख्या आईला म्हणावं तसं. जगात मला ‘दा’ म्हणणारा तू एकटा, आणि हा परका पोरगा दारातच माझा मुलगा व्हायला निघाला. मिठाई घेऊन येणाऱ्या सरकारी माणसावर विश्वास ठेवायला मी काल जन्मले नाही. पण पाहुण्याला तीन दिवस कामाचं विचारायचं नाही, ही आपली रीत. लबाडानं ती पुरेपूर वापरली. आठवड्यातून एक दिवस यायचा! म्हणजे त्याचे तीन दिवस भरायला तीन आठवडे. मी आपली बाकल्याच्या दाण्यांचा भात वाढतेय, ताक वाढतेय, आणि तोंड शिवून बसलेय.

डोळे मात्र उघडे होते. येणारा प्रत्येक जण तुझ्या बाबांचं लोखंडी शिरस्त्राण बघतो, विहिरीवरचा फोटो बघतो. यानं बघितलंच नाही. त्याच्या कमरेला एक छोटी पेटी होती, ती मधूनच टीं टीं करायची. चुलीजवळच्या माझ्या तित्तराच्या पिंजऱ्यापाशी तर फारच. मला वाटलं, माझं बोलणं टिपून घेतोय, म्हणून मी त्या कोपऱ्यात मुद्दाम सरकारला चार शिव्या घातल्या. आल्याबरोबर तो खिडक्या उघडायचा. मी बंद करायची. तो पुन्हा उघडायचा. माझ्या घराला नाक मुरडतोय म्हणून मला असा संताप आला! दुसऱ्या खेपेला विचारतो, "दा, सकाळी डोकं दुखतं का हो?" मी म्हटलं, "तू आलास की दुखतं."

आणि तिसऱ्या खेपेला त्यानं अंगणातल्या नळावर हात धुतले. तो नळ बाबांनी कंपनीच्या भंगारातून आणून बसवला होता, आठवतं? उलटा फिरणारा. नवा माणूस हमखास भलत्या बाजूला जोर लावतो आणि आम्ही हसायचो. पेझमाननं मात्र न बघता बरोबर फिरवला, साबण लावला आणि बंदही बरोबर केला. मी पंचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबा तर गेले. उरलो तू आणि मी. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

चौथ्या खेपेला रीत संपली होती. चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "बर्झूनं पाठवलं ना तुला?" साखरेचा खडा त्याच्या दातातच राहिला. म्हणाला, "आम्ही सैन्यात एका तंबूत होतो, दा. तो तुमच्याबद्दल रोज बोलायचा." मग पिशवीतून कागद काढला. "घर वारशाच्या यादीत घालायचंय. घर जसंच्या तसं राहील. चूल, नळ, बाबांची खुर्ची, सगळं. फक्त तुम्ही..." आणि पुढचं वाक्य त्यानं चहाबरोबर गिळलं. मी कागद त्याच्या खिशात कोंबला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. मिठाईचा डबासुद्धा परत दिला, रिकामा. त्या दिवशी मी तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. स्वतःच्या आईला घराबाहेर काढायला मुलगा माणूस पाठवतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्या रागात दोन रात्री भात करपला, आणि तोंडात घास गेल्यावर मला ते कळलं.

बाबा विहिरीवरून आले की एक गोष्ट नेहमी सांगायचे. तू त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचास. जमिनीतून येणाऱ्या त्या वायूला कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर भिऊ नये. वास यायचा थांबला की हातातलं टाकून पळावं, कारण तेव्हा वायू गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं. नवरोजला तू हेच सांगत होतास, घरात तो वास येतोय म्हणून. मी म्हटलं होतं, "कसला वास? शहरात राहून तुझं नाक नाजूक झालंय." आणि तू उघडलेल्या खिडक्या मी एकेक करून लावून घेतल्या होत्या.

बर्झू, आज सकाळी तित्तर पिंजऱ्यात मरून पडलेलं होतं. पिंजरा चुलीपाशी, जमिनीवरच असतो. मांजर आलं नव्हतं, दाणापाणी होतं, एक पीससुद्धा विस्कटलेलं नव्हतं. मी खाली वाकून वास घेतला, पुन्हा पुन्हा घेतला. काही नाही. आज शुक्रवार, म्हणून शेजारी आलेल्या माहतलतला हाक मारली, तर ती उंबऱ्यातच थबकली, ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "नीमताज, तुला येत नाही वास? कधीपासून?" मला करपलेला भात आठवला. मला फार भीती वाटली रे. आता अंगणात, बाबांच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. रात्री माहतलतकडे झोपेन. पेझमानला सांग, तुझी पेटी माझं बोलणं नाही, वायू टिपत होती, म्हातारी चुकली, भात खायला ये. पण कागद त्याच्याबरोबर पाठवू नकोस. तो घेऊन तू ये. तुझ्यासमोर सही करीन आणि तुझ्या हाताला धरून बाहेर पडेन. घराच्या सगळ्या खिडक्या मी उघडून ठेवल्या आहेत.

तुझीच, अजून तुझ्यावर रागावलेली,
दा