चुली किती?

पुणे,
१२ डिसेंबर १९६३

मायले वच्छीचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाचही ओळी तुझ्या हातच्या! वसतिगृहात सगळ्या मुलींना दाखवल्या. साक्षरता वर्गाला सहा महिने झाले नाहीत आणि जोडाक्षरंसुद्धा बरोबर. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे. ते कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे.

मी बरी आहे. शालिग्राममामाला सांग, आमचं विद्यापीठ खासगी असलं तरी पदवी सरकारी नोकरीला चालते. आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असं "थोडं थोडं समदं, म्हनजे धड कायीच नाही" हे त्याचं म्हणणं चूक आहे. आता का ते सांगते.

दिवाळीनंतर आमच्या वर्गाचं पाहणी शिबिर बुलढाण्याकडे झालं, हे तुला कळवलं होतं. गावाचं नाव कळवलं नव्हतं.

घरोघर जाऊन छापील तक्ते भरायचे. त्यात एक प्रश्न होता, "घरात कुटुंबे किती?" एका पुण्याच्या मुलीनं तो माणिकराव नावाच्या म्हाताऱ्याला विचारला. तो भडकलाच. "काऊन वं, या वयात दुसरी करू काय? एक हाय तेच आवरत नाही!"

आतून त्याची बायको म्हणाली, "करा ना, पानी भराले तरी कामी येईन!"

मुलींना काही कळेना. संध्याकाळी मी आमच्या शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको. त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचे आजोबाही तसंच म्हणत, पण छापताना आठवलं नाही. मग विचारायचं काय? मी म्हटलं, "चुली किती, असं विचारा. एका चुलीवर जेवतात ते एक घर." बाईंनी सगळ्या तक्त्यांवरचा शब्द बदलायला लावला. परवा भर वर्गात माझं नाव घेऊन म्हणाल्या, "पुस्तक तुम्ही सगळ्यांनी वाचलं, गाव हिनं वाचलं." माय, तेव्हा तू तिथे हवी होतीस.

त्या गावाचं नाव धाड.

मी मागून घेतलं नाही. पहिल्या दिवशी वाट्याला आलेल्या गल्लीत त्यांचं घर निघालं. जानराव, माझे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. आपण ते घर सोडून निघालो तेव्हा मी चार वर्षांची होते. तक्त्यातला शब्द तोवर बदलला नव्हता. मी विचारलं, "कुटुंबं किती?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "दोन. एक इथं. एक मोताळ्याले, सोजराबाई." आत भांडं आपटलं. ते थांबले नाहीत. "अन् एक पोरगी. पुण्याले शिकते म्हन्तात. तिचं बी लिहा."

मी लिहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कोन्तं बाई?"

"मोताळा."

ते उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. "नावं नीट लिहजा," एवढंच म्हणाले.

तू नेहमी म्हणतेस, त्या माणसानं मले मोजलंच नाही. मोजलं होतं, माय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण पुण्याला आल्यावर जुने तक्ते नव्या शब्दानं दुरुस्त करायचे होते, ज्याचे त्यानं. त्यांचा तक्ता माझ्यासमोर आला. पेन धरून मी खूप वेळ बसले. पंधरा वर्षांत त्या चुलीवरचा घास तू खाल्लेला नाहीस. मामाच्या अंगणात राहतेस, पण कापूस वेचून आपली चूल वेगळी पेटवतेस. म्हणून मी तुझं नाव तिथून खोडलं. माझंही. तुला राग येईल की बरं वाटेल, मला ठाऊक नाही.

जानेवारीत शिबिर मोताळ्याला आहे. स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही, असा नियम आहे, म्हणून आपल्याकडे दुसरी मुलगी येईल. ती विचारेल, चूल वेगळी आहे का? हो म्हण. मग विचारेल, घरात मुख्य कोण? मामाचं नाव सांगू नकोस. तिच्या हातातला तक्ता मागून घे आणि त्या रकान्यात तुझं नाव तू लिही. मी तिला सांगून ठेवलं आहे.

पेन्सिलीनं नको. शाईनं लिही.

तुझ्याच चुलीवरची,
वच्छला