खोक्याची खिडकी

आबा, तुमची पत्रा कापायची कात्री गेल्या महिन्यात पुन्हा हातात घेतली. तुमच्यासारखी धान्याची कोठी करायला नाही. लेकीच्या कॉम्प्युटरचं लोखंडी खोकं आहे, त्याच्या एका अंगाला खिडकी पाडायची होती. तुम्ही असता तर हसला असता.

जावई गेले. नवापूरच्या रस्त्यावर, ट्रकखाली. लेक घरी आली ती दोन पिशव्या आणि हे खोकं घेऊन. आतले पंखे, रंगीत दिवे बाहेरून दिसावेत म्हणून जावयांनी प्लास्टिकची जाड काच आणून ठेवली होती. तिच्यावरचा कागदही निघालेला नव्हता. किती दिवस लेक अर्धं ताट टाकून उठायची. मग एकदा म्हणाली, "आई, हाई काच बसाडी दे." मी आयुष्यात अन्न वाया घालवलं नाही, पण त्या दिवशी तव्यावरची भाकरी जळू दिली आणि कात्री शोधायला गेले.

ओसरीवर खोक्याचा पत्रा आडवा टाकला. माझी थोरली जाऊ दारातून म्हणाली, "मानूस चालना गया, अन् माय-लेक खोकाले खिडकी बसाडी ऱ्हायन्यात!" मी म्हटलं, "तुम्हनी कोठीले बी बसाडी देसू, उचली लई या." लेकीचा ओठ जरासा हलला. तेवढंच.

पत्रा कापताना तुम्ही शेजारीच होता. मी लहान आहे, अंगणात पत्र्याचं टोक धरून बसले आहे, आणि तुम्ही म्हणता, "कोपरा गोल काप माय, टोकदार कोपरापाशीच पत्रा फाटस." लोक कोठीची काच वर मागायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला धान्य दिसावं म्हणून. तुम्ही ती बुडाशी बसवायचात. "भरेल कोठी सगळास्ले समजस. खाली होस तव्हय दिखाले पायजे." कोरड्या वर्षी आईनं आपल्या कोठीच्या काचेवर फडकं टांगलं होतं, आम्हा पोरांना बूड दिसू नये म्हणून. तुम्ही ते काढून घडी करून ठेवलं.

कोपरे गोल कापले, धारेवर कानस फिरवली, रबरी पट्टी लावून काच बसवली. चांगली बसली. पण लेक बटण दाबत नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून त्या खोक्यासमोर बसून राहते. काचेची बाजू दाराकडे मीच फिरवली. तिला सांगितलं, खोक्याला वारा लागेल. आत अंधार असल्यामुळे काचेत तिचा चेहरा उमटतो, आणि मला तो स्वयंपाकघरातून दिसतो. ती रडते तेही दिसतं. तिला ठाऊक नाही.

हा कागद धाडू तरी कुठं? देव्हाऱ्याखाली ठेवते. सांजवात लावताना रोज मागते, आज तिनं बटण दाबावं, आत उजेड पडावा. पण उजेड पडला की काचेत तिचा चेहरा दिसायचा नाही, हे काल ध्यानात आलं, आबा. काल मी काहीच न मागता उठले.