ठमीचा वाटा

२ फेब्रुवारी
परत फोडलंन! कासवाचं तिसरं घरटं. हे पुळणीवरून आले ते धुमसतच. पायावर पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुझ्या ठमीनं परत फोडलंन. पुळणभर टरफलं!"
माझी ठमी! जशी काही मीच तिला पदरात बांधून आणली.
ह्यांचं दुःख कळतं मला. पंधरा वर्षं हा माणूस उजाडायच्या आत पुळण धरतो. रात्री कासवीण येऊन अंडी घालून जाते, हे तिच्या मागावरून घरटं शोधतात, अंडी अलगद उचलून हॅचरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, नेऊन पुरतात. पोटच्या पोरांना जपावं इतक्या कौतुकानं. वनखात्यानं 'कासवमित्र' असं छापलेला टीशर्ट दिलाय, तो लग्नालासुद्धा घालून जातात.
पण कोल्ही ती कोल्हीच. तिला कोण सांगणार, ही अंडी सरकारी आहेत म्हणून?

५ फेब्रुवारी
माडांच्या आळ्यात बांगड्यांची डोकी पुरली. सासूबाईंपासूनची रीत, माडाला याच्यासारखं खत नाही. तिन्हीसांजेला ठमी आली, उकरलंन, खाल्लंन, गेली. मागचा डावा पाय अजून टेकवत नाही. माझे माड उपाशी आणि ही टम्म!
ह्यांचं म्हणणं, "तुझ्या माहेरची दिसते. जेवली की मागे वळून बघत नाही."

९ फेब्रुवारी
देवळात कासव समितीची बैठक झाली. नितेशचा आवाज सगळ्यात मोठा. त्याचा होमस्टे आहे, कासव महोत्सव तोंडावर आलाय. "पाहुण्यांना पिल्लं दाखवायची की टरफलं? आणखी एक घरटं गेलं तर मी कोंबडीत औषध घालून ठेवणार. मग म्हणू नका."
मला वाटलं, हे उसळतील. ह्यांनी होकाराची मान हलवलीनी चक्क. एरवी मुंगी मेली तर हळहळणारा माणूस.
घरी येऊन मी ताडताड बोलले. ह्यांनी उत्तर म्हणून आमटी वाढून घेतलीनी, ती अर्धी पानाबाहेर. म्हटलं, रागावलेत तर रागावू देत, पण पान तरी बघा.

१० फेब्रुवारी
अबोला. चहात मीठ घातलंनी आणि तसाच प्यायले. एवढा अहंकार!

१४ फेब्रुवारी
ठमी पोटुशी आहे! आज उजेडी आली म्हणून नीट दिसली. पोट खाली आलंय, चालताना डोलते. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. मी तर रोजच बघते, म्हणजे माझं आयुष्य सोन्याचं व्हायला हवं.
तिच्यासाठी आज जरा जास्त पुरलं. माडाच्या नावानं.
पण जीव खालीवर होतोय. एक घरटं फुटलं की हिचं बारसं नाही, दिवस घालायचे.

१७ फेब्रुवारी
आज हट्टानं ह्यांच्याबरोबर पुळणीवर गेले. ठमीवर पाळत ठेवायची, तिच्या आधी घरटं गाठायचं, म्हणजे नितेशचं तोंड बंद. हे नको नको म्हणत होते. "तुझे गुडघे आहेत का वाळूत चालायचे?" मी ऐकते होय!
उजाडत होतं. सुरूच्या बनासमोर कासवाचा माग, असा रुंद, ट्रॅक्टर गेल्यासारखा. मला लांबून दिसला. हे पुढे होते. आणि त्या मागावरून सरळ चालत गेले. पाय देऊन! थांबले नाहीत, वाकले नाहीत.
मी हाक मारली, "अहो, हे काय?" तर मागे वळून म्हणाले, "कुठे?"
पायाखाली होतं. कुठे, म्हणे!
दोघांनी मिळून अंडी काढली. हाताला बरोबर कळतं त्यांच्या, वाळू कुठे भुसभुशीत आहे ते. घरी येईपर्यंत मला पानाबाहेरची आमटी आठवत राहिली. आणि मिठाचा चहा. किती आंधळी मी!

१८ फेब्रुवारी
विचारलंच. "कधीपासून दिसत नाही?"
आधी चिडले, मग ओटीवर बसले. गणपतीपासून धुकं आल्यासारखं होतंय. मोतीबिंदू असणार. घरटी ह्यांच्या नजरेतून सुटत होती. अंडी तशीच वाळूत राहायची, मग ठमीचं काम सोपं. आणि नाव तिचं.
मला इतका राग आला! "त्या मुक्या जिवाच्या मरणावर तुम्ही तुमच्या डोळ्यांचं झाकून ठेवलंत? पोटुशी आहे ती!"
म्हणाले, "समितीला कळलं तर दुसरा नेमतील. मग मी करू काय, हेमा? तुझ्या माडांना पाणी घालू?"
असं बोलले आणि माझा राग कुठच्या कुठे गेला. हात धरून बसले मी. पण सोडलं नाही. म्हटलं, उद्या देवळात जाऊन सांगायचं, तुमच्या तोंडानं.

१९ फेब्रुवारी
सांगितलंनी. उभं राहून. "घरटी कोल्हीनं नाही घालवली. मी घालवली. मला दिसत नाही." मला रडू आलं, पण अभिमानाचं.
आणि नितेश पांढराफटक! मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, मी कालच ठेवलंय. सुरूत. म्हटलं, घरटं जायची वाट कशाला बघायची."
मेल्या! म्हणजे मी इकडे ह्यांचा हात धरून बसले होते, तेव्हा तो तिकडे विष मांडत होता!
सगळे धावलो. नितेश कुठे कुठे ठेवलंय ते दाखवत होता, हे चवड्यावर बसून हातानं पाला चाचपत होते. मी ओरडत होते, तोंडाला हात लावू नका! अंधार पडेपर्यंत शोधलं. बाकी सगळे मिळाले, एक तुकडा तेवढा मिळाला नाही.

२० फेब्रुवारी
ठमी आली नाही.

२१ फेब्रुवारी
नाही. डोकी तशीच. मुंग्या लागल्या.

२२ फेब्रुवारी
नितेश दारात आला. "काकू, केवड्याखाली…" आणि सुरूच्या दिशेनं बोट केलंन.
धावत गेले मी. आधी पाय बघितले. चारी पाय धड! अंगानंही मोठा. नर होता. ठमी नव्हती! देवा, इतकं हायसं वाटलं. आणि लगेच लाज वाटली. तोही कोणाचा तरी होताच की.
हे शेजारी बसले. त्याच्या पाठीवरून हात फिरवलानी. म्हणाले, "कोल्हे जोडीनं राहतात. पिल्लांना दोघं मिळून भरवतात. तिच्या तसल्या पायानं एवढे दिवस निभावलंन, ते याच्यामुळे."
नितेशनं वनखात्याच्या गार्डला आपणहून फोन केलान. नंतर पोरासारखा हुंदके देत होता. दोन शिव्या तयार ठेवल्या होत्या मी, त्या गिळल्या.

३ मार्च
चिपळूणला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. माझ्याकडे टक लावून बघितलंनी आणि म्हणाले, "अगं, तुझं डोकं एवढं पांढरं कधी झालं?"
डॉक्टरीणबाई हसल्या. म्हटलं, घाला परत पट्टी!

१६ मार्च
शिमगा आटोपला, पालखी देवळात गेली, ढोल थांबले. आणि आज ठमी आली!! भर दुपारी! हाडं मोजून घ्यावीत अशी. आचळं ओघळलेली. म्हणजे पिल्लं आहेत कुठेतरी. उकरलंन, अधाशासारखं खाल्लंन, थोडं तोंडात धरून तीन पायांवर निघाली. मी मागच्या दारी उभी राहून ढसाढसा रडले.
समितीनं ह्यांनाच ठेवलंय. डोळ्याला वाळू लागू नये म्हणून खाली वाकायचं काम नितेशचं. हे बोट दाखवतात, तो खणतो.

२४ मार्च
आज घरटं ह्यांना दिसलं. ठमीच्या आधी, स्वतःच्या डोळ्यांनी! मी टोपली बघायला हॅचरीत गेले. अंडी कमी वाटली. विचारलं, एवढीच? नितेश खाली बघू लागला.
"वरची थोडी तिथेच ठेवायला सांगितली मी," हे म्हणाले.
पाहुण्यांनी अंड्याला नुसतं बोट लावलं तरी अंगावर जाणारा हा माणूस!
म्हणाले, "एकटीच आहे ना ती आता, हेमा."