दाजींना रेझर न दिल्याबद्दल

मखमलाबाद,
सोमवार, दुपारी

सौ. सुवर्णावन्संना,

उज्वलाचा नमस्कार. (वयानं मी थोरली, पण मान नणंदेचा, म्हणून नमस्कार मीच करते.) तुमच्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? थंडी पडायला लागली, त्यांना फरशीवर अनवाणी फिरू देऊ नका. तेजलची केळवणं चालू असतील. पोरगी रोज गोडधोड खातेय, तेव्हा ब्लाउज आत्ताच एकदा घालून बघायला सांगा, ऐनवेळी शिंपी सापडत नाही. आणि दाजींची तब्येत कशी आहे? दाढी झाली का त्यांची, असं खरं म्हणजे विचारायचं होतं. आम्ही इकडे मजेत आहोत. काल तुमचा फोन येईपर्यंत तर फारच मजेत होतो.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, की तुम्ही फोन लावलात की स्पीकर चालू करता. मी एक वाक्य बोलते, तोवर तुमच्या सासूबाई दोन बोलतात, मागे कुकर बोलतो आणि माझं म्हणणं हवेत विरून जातं. दुसरं म्हणजे रागाच्या भरात मला रडू येतं, आणि रडू आलं की समोरच्याला वाटतं आपणच जिंकलो. कागदावर ती भानगड नाही. म्हणून किशोरभाऊजींच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतेय. (ते ओझरला फुलं टाकायला येणारच आहेत. त्यांना वाचू देऊ नका, त्यांचंही नाव आत आहे.)

काल तुम्ही दोन गोष्टी बोललात. पहिली अशी, की दाजी लग्नाची पत्रिका द्यायला आले, एक रात्र राहिले, आणि सकाळी आम्ही त्यांना साधा रेझर दिला नाही, उलट हातातून हिसकावून घेतला. जावयाचा असा अपमान तुमच्या माहेरात कधी झाला नव्हता. दुसरी गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता बोललात, की दादाला उगाच दगदग नको, तेजलच्या पाठीशी मामा म्हणून किशोरच उभा राहू दे. दुसऱ्या गोष्टीवर मी नंतर येते. ती आधी घेतली तर कागद फाटेल.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. हो, हिसकावला. पुन्हा हात लावला तर पुन्हा हिसकावीन.

वन्सं, तुमच्या दादांना काय झालंय हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा स्पीकर चालू होता, म्हणून आता नीट लिहून देते. गणपतीत आळीच्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. यांनी रक्त दिलं, वर एक पिशवी भेट मिळाली म्हणून आठवडाभर ती खांद्याला लावून फिरले. मग रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. यांना वाटलं सत्कार आहे. इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, मलाही चांगली साडी नेसायला लावली. तिथल्या बाईंनी दार लावून घेतलं तेव्हासुद्धा हे दाराकडे बघत होते, हार कुठून येतोय म्हणून. बाईंनी सांगितलं, रक्तात हेपॅटायटिस सी दिसतोय, सरकारी दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करा. केली. आहे. लिव्हरचा आजार आहे, आत वर्षानुवर्षं गपचूप बसलेला. पण त्याला गोळ्या आहेत, तीन महिन्यांच्या, सरकारातूनच मिळतात, आणि बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, हा रक्तातून जातो. एका ताटात जेवा, एका पेल्यातून पाणी प्या, गळ्यात पडा, काही होत नाही. फक्त रेझर, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं यंत्र आणि सुई, एवढं त्यांचं त्यांचं वेगळं ठेवा.

सुई म्हटल्यावर मी घाबरले. आपलं घर माळांचं. झेंडू ओवताना दिवसातून दहा वेळा बोटाला टोचते. तेव्हापासून यांची सुई वेगळी, तिला निळा दोरा. घरात बदल म्हणाल तर एवढाच. हे मात्र त्या सुईचा तोरा मिरवतात, आल्यागेल्याला सांगतात की माझी स्पेशल आहे.

आता तुमच्या घरी काय झालं ते बघा. दसऱ्यानंतर चारच दिवसांनी साखरपुडा. सगळ्या पाहुण्यांना स्टीलची ताटं, स्टीलचे पेले. तुमच्या दादांना कागदी पत्रावळ, कागदी पेला आणि बंद बाटलीतलं पाणी. मी बघितलं आणि माझं ताट बाजूला सारलं. हे मात्र हरखून गेले! शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, बघा, मुलीच्या मामाची बडदास्त. ती बाटली घरी घेऊन आले. आजही फ्रिजमध्ये आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. कागदी पेल्याचा अर्थ यांना सांगायची माझी तेव्हा छाती झाली नाही. (आता कळलाय. कसा, ते पुढे येईल.)

आणि तेवढ्यात तुमच्या सासूबाईंनी यांचे हात पाहिले. "आगं बया, पिवळेजर्द हात! कावीळ हाय याला, लय पुढं गेलीया," असं म्हणून त्यांनी भर मांडवात पदर नाकाला लावला. वन्सं, त्या ओझरच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारखान्याची नोकरी, त्यांना काय माहीत? पण तुम्ही? तुम्ही याच मळ्यात वाढलात. दसऱ्याला झेंडू तोडून तोडून तुमचे स्वतःचे हात दिवाळीपर्यंत पिवळे असायचे, लग्नाच्या हळदीत गुरव विचारत होता की हळद आधीच लावली का! ते झेंडूचे डाग होते, कावीळ नव्हती, हे त्या मांडवात दोघींनाच माहीत होतं, मला आणि तुम्हाला. मी बोलले, पण माझं कोण ऐकतं. तुम्ही बोलला असतात तर चाललं असतं. तुम्ही बुंदी वाढायला आत निघून गेलात.

त्याचा परिणाम म्हणजे चिमाजीमामा. दाजींचे हे मामा थेट हरसूलहून काविळीची माळ घेऊन आमच्या दारात हजर. मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले, डोक्याला टोपीसारखी बांधायची. कावीळ उतरते तशी माळ लांबत लांबत गळ्यात येते म्हणे. मी सांगितलं, बाबा, यांना कावीळ नाही. तर म्हणाले, "नसली तर नाय लांबणार, तुमचं काय जातंय?" यांनी माळ हातात घेतली. जन्मभर माळाच ओवलेला माणूस, त्यांनी आजारबिजार बाजूला ठेवून आधी गाठ बघितली. ती सरकगाठ निघाली. मूळ सुकलं की दोरा सैल, दोरा सैल की माळ लांब. मग हे चिमाजीमामांना ओट्यावर बसवून दुपारभर गाठींचे प्रकार शिकवत बसले. मामा खूश होऊन गेले आणि जाताना म्हणाले की माणूस चांगला आहे, आजारी वाटत नाही. तेवढं तरी त्यांनी तुमच्या घरी येऊन सांगितलं का, कुणास ठाऊक.

आता दाजी. पत्रिका घेऊन आले. चहा ठेवला, तर म्हणाले पित्त आहे. जेवायला वाढलं, तर म्हणाले उपास आहे. (बुधवारी. कुठल्या देवाचा, ते त्यांनाही आठवेना.) पिशवीतून स्वतःची बाटली काढून पाणी प्यायले. निजायला चादर दिली ती खुंटीवरच राहिली, बिचारे कुडकुडत झोपले. पाहुणा माणूस म्हणून मी तेही चालवून घेतलं. आणि सकाळी उठून बघते तर काय! हाच माणूस मोरीपाशी आरशासमोर, गालाला फेस लावून, हातात रेझर, आणि रेझर कुणाचा? तुमच्या दादांचा! अहो, आख्ख्या घरात जी एक वस्तू त्यांनी वापरायची नाही, तीच! कप चालत नाही, ताट चालत नाही, चादर चालत नाही, आणि रेझर चालतो! मी किंचाळले. धावत जाऊन तो ओढून घेतला. दाजी अर्ध्या गालाच्या फेसासकट म्हणाले, "वहिनी, एका रेझरपायी एवढं?" मी समजावायला लागले, तर ते तसेच गाल पुसून मोटारसायकलला किक मारून निघाले. अपमान झाला म्हणे. मी त्यांना वाचवलं, बाई! खरं तर साडी-चोळी घेऊन आभार मानायला यायला हवं होतं तुम्ही.

पण या सगळ्या गोंधळात हे मागे उभे होते. दाजी गेल्यावर फ्रिज उघडून त्या बाटलीकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे साखरपुड्याला पेला कागदाचा होता तो यापायी का गं?"

आता ती दुसरी गोष्ट. किशोरभाऊजी चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण ते तेजलचे चुलतमामा. सख्खा मामा धडधाकट असताना त्याला पंगतीत बसवून चुलतमामा पोरीला बोहल्यावर आणणार, मग लोक विचारणार, असं का, आणि तुम्ही काय सांगणार? दगदग? जो माणूस आजही पहाटे झेंडूच्या जाळ्या एकट्यानं टेम्पोत चढवतो, त्याला आपल्या भाचीच्या मागे पाच मिनिटं उभं राहायची दगदग? मला एक लिहायचं नव्हतं, यांनी शपथ घातलीय, पण मला संताप आवरत नाही. तेजलच्या वेळी तुम्हाला बाळंतपणाला माहेरी आणायला कोण निघालं होतं? आडगावच्या पुढे टेम्पो उलटला तेव्हा त्यात कोण होतं? तेव्हा त्यांना रक्त चढवावं लागलं होतं, ते तुम्हीही विसरला नसाल. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या काळी रक्ताची ही तपासणी होत नव्हती. कदाचित तेव्हाच आलं असेल, कदाचित नसेल, आता शोधण्यात अर्थ नाही. मीही शोधत नाही. पण तुमच्याकडून कागदी पेला मला सोसत नाही, वन्सं. दुसऱ्या कुणाकडूनही सोसला असता.

तर लग्नाला आम्ही येऊ, स्टीलच्या ताटात जेवू, आणि मामा म्हणून तुमचे दादाच उभे राहतील. नाहीतर मीही येणार नाही, आणि मांडवाच्या फुलांचं तुमचं तुम्ही बघा. थोरांना नमस्कार, तेजलला पोटभर आशीर्वाद. दाजींना काय सांगायचं ते त्यांनी ऐकलंच आहे.

तुमची,
उज्वला

ता. क. : फुलांचं वर लिहिलं ते रागात लिहिलं. मांडवाची फुलं यांनी कधीच वेगळी राखून ठेवलीत. पांढरी शेवंती, तुम्हाला आवडते ती.

दुसरा ता. क. : वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र वाचा. तुम्ही सांगायच्या आधीच यांनी स्वतः ठरवलंय. लग्नासाठी घेतलेला फेटा परवा किशोरभाऊजींना देऊन आले आणि मला म्हणाले, सुवर्णाला तिच्या सासरच्या माणसांत खाली बघायला नको. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तेव्हा हे पत्र फाडून टाका आणि यांना फोन करा. माफी मागू नका, ते ढसाढसा रडतील आणि मग दोघांनाही बोलता येणार नाही. लहानपणी भांडायचात तसं भांडा. स्पीकर बंद ठेवा.

तिसरा ता. क. : आत्ता हे मळ्यातून आले आणि कुणाला लिहितेस म्हणून विचारलं. तुमचं नाव सांगितलं. वाचलं नाही, बाजूला बसून हात धुतले आणि म्हणाले, तिला लिही, मुहूर्त दुपारचा आहे, कन्यादानाचा उपास म्हणून सकाळपासून तशीच राहील आणि तिला चक्कर येते, तर गूळ-शेंगदाणे पदराला बांधून ठेव म्हणावं, कुणी बघत नाही. मला इतक्या रागात हे लिहायचं नव्हतं. पण निरोप यांचा आहे.